अंधाऱ्या सागरांतील दीपचक्र

इ. स. १८४३ सालीं एडवर्ड फोर्ब्स या अठ्ठावीस वर्षांच्या सृष्टिशास्त्रज्ञानें ब्रिटिश असोसिएशनपुढें एक निबंध सादर केला. १८४१ व १८४२ या सालीं ‘बीकन’ या आरमारी जहाजाबरोबर तो ईजियन समुद्रांत हिंडला होता, आणि समुद्राचा तळ खरवडणारें जाळें अनेक वेळां पाण्यांत सोडून त्यानें निरनिराळ्या खोलीवरील प्राण्यांची मोजदाद केली होती. जसजसें जाळें खोल जाई तसतसे प्राणी कमी होत. सव्वादोनशें वांव खोलीवरून कांहीं थोडे शिंपले काय ते हातीं लागले. या उतरत्या संख्येची रेषा फोर्ब्सनें तशीच पुढें नेली व अनुमान काढलें कीं, सुमारें तीनशें वांवांच्या खालीं, म्हणजे अठराशें फुटांपलीकडे, प्राणिमात्राची संख्या शून्य झाली पाहिजे. त्या खालच्या सर्व सागराला ‘निर्जीव प्रदेश’ असें नांव पडलें.

तर्क सुसंगत होता. खालीं सूर्यप्रकाश नाहीं; प्रकाश नाहीं म्हणून वनस्पति नाहींत; शिवाय थंडी, आणि वरून कोसळणारा पाण्याचा प्रचंड दाब. अशा ठिकाणीं कोण राहणार? विद्वानांना हें मत पटलें, आणि ज्यांना त्याविरुद्ध पुरावा दिसत होता त्यांनींही तो फारसा पुढें केला नाहीं. १८१८ सालीं जॉन रॉसला बॅफिनच्या उपसागरांत खोली मोजण्याच्या दोरीला गुंतून आलेला एक जिवंत तारामासा मिळाला होता. त्याचा विचार कोणीं केला नाहीं. फोर्ब्सच्या पदरचें दुर्दैव असें कीं, त्यानें निवडलेला ईजियन समुद्रच मुळांत अन्नाच्या दृष्टीनें दरिद्री होता, आणि त्याचें जाळें चिखलानें लवकर तुंबणारें होतें. एका ओसाड माळावरून साऱ्या पृथ्वीचें पीकपाणी ठरविण्यासारखा हा प्रकार झाला. तरी फोर्ब्सला हसण्याचें कारण नाहीं. तो उत्तम निरीक्षक होता. १८४८ सालीं त्यानें ब्रिटिश समुद्रांतील छत्रिकांवर, म्हणजे ज्यांना आपण जेलीफिश म्हणतों त्या प्राण्यांवर, सुंदर ग्रंथ लिहिला. १८५४ सालीं एडिंबरो विद्यापीठांत सृष्टिशास्त्राचें अध्यापकपद त्याला मिळालें आणि त्याच वर्षीं, वयाच्या एकूणचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. त्याच्याच प्रिय प्राण्यांपैकीं एकजण त्यानें निर्जीव ठरविलेल्या त्या अंधारांत संथपणें फिरत असेल, हें त्याला कधींच कळलें नाहीं.

निर्जीव प्रदेशाच्या कल्पनेला पहिला मोठा तडा गेला तो तारायंत्रामुळें. सार्डिनिया बेट व अल्जीरिया यांच्यामध्यें समुद्रतळाशीं टाकलेली तार तुटली. १८६० सालीं ती दुरुस्तीसाठीं वर ओढली तेव्हां हजार वांवांहून अधिक खोलीवर पडलेल्या भागाला पोवळ्याच्या जातीचे प्राणी चिकटून वाढलेले आढळले. जाळ्यांत चुकून वरच्या पाण्यांतला प्राणी शिरला, असें म्हणण्याची सोय येथें नव्हती. प्राणी तारेवरच वाढले होते. नॉर्वेमध्यें मायकेल सार्स व त्याचा पुत्र यांना लोफोटेन बेटांजवळ तीनशें वांवांवरून देंठावर उभा राहणारा एक सागरकमळासारखा प्राणी मिळाला. असले प्राणी तोंपर्यंत मुख्यत्वें पाषाणांतील अवशेषांवरूनच माहीत होते. तो पाहण्यासाठीं वायव्हिल थॉम्सन हा स्कॉच प्राणिशास्त्रज्ञ मुद्दाम नॉर्वेला गेला, आणि तेथून परतला तो खोल समुद्राचें वेड घेऊनच. १८६८ सालीं ‘लाइटनिंग’ ही गळकी, जुनी आगबोट त्याला सरकारकडून मिळाली. पुढच्या वर्षीं ‘पॉर्क्युपाइन’ मिळाली, आणि बिस्केच्या उपसागरांत २,४३५ वांवांवरून, म्हणजे सुमारें पावणेतीन मैलांवरून, त्यानें जिवंत प्राणी वर आणले. १८७० सालीं थॉम्सन एडिंबरोस त्याच खुर्चीवर बसला जिच्यावर फोर्ब्स कांहीं महिनेच बसूं शकला होता.

मग आलें ‘चॅलेंजर’. आरमाराच्या या जहाजावरील सतरा तोफांपैकीं दोन ठेवून बाकीच्या उतरविण्यांत आल्या व त्यांच्या जागीं प्रयोगशाळा, मद्यार्काच्या बाटल्या व मैलोगणती दोर भरण्यांत आला. २१ डिसेंबर १८७२ रोजीं तें पोर्ट्समथहून निघालें आणि २४ मे १८७६ रोजीं स्वदेशीं परतलें. या साडेतीन वर्षांत त्यानें ६८,८९० सागरी मैल तोडले व ३६२ ठिकाणीं थांबून समुद्र तपासला. या मोहिमेचें वर्णन वाचतांना विजयाचे नगारे ऐकूं येतात. परंतु जहाजावरच्या लोकांचा अनुभव निराळा होता. दोन हजार वांव खोल जाळें सोडून पुन्हां वर घेण्यांत सारा दिवस जाई. पहिल्या वेळीं खलाशी कुतूहलानें कठड्याशीं जमत. शंभराव्या वेळीं कोणी मान वर करीत नसे. पुष्कळ खलाशी वाटेंतल्या बंदरांतून पळून गेले. रुडॉल्फ फॉन विल्लेमोस-झूम हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ १८७५ सालीं प्रवासांतच वारला. आणि जाळ्यांतून बहुतेक वेळां निघे तो चिखल. १८७३ सालीं त्या चिखलाबरोबर बटाट्याएवढे काळे गोटे वर आले. ते मँगॅनीज धातूचे होते. त्यांची नोंद झाली, ते डब्यांत गेले, आणि पुढें पाऊणशें वर्षें त्यांची चिंता व्यापाऱ्यांना पडली नाहीं. त्या गोट्यांकडे शेवटीं पुन्हां वळावें लागेल.

जहाजानें आणलेल्या संपत्तीची वांटणी युरोपांतील तज्ज्ञांमध्यें झाली. खोल पाण्यांतले छत्रिक गेले येना येथील अर्न्स्ट हेकेल याच्याकडे. डार्विनच्या मताचा जर्मनीतील हा कडवा पुरस्कर्ता वादांत जितका उग्र तितकाच छत्रिकांच्या बाबतींत हळवा होता. अकालीं वारलेल्या पत्नीचें, ॲना सेथेचें, नांव त्यानें एका छत्रिकाला दिलें आहे. चॅलेंजरवरून आलेल्या नमुन्यांत त्याला एक नवीन वंश आढळला. १८८० सालीं आपल्या छत्रिकांवरील महाग्रंथांत त्यानें त्याला ‘ॲटोला’ म्हटलें व जातीला मोहिमेच्या नायकाचें नांव दिलें : ॲटोला वायव्हिली. पुढें चॅलेंजर-अहवालाच्या चौथ्या खंडांत ती इतर सतरा जातींबरोबर सचित्र प्रसिद्ध झाली. थॉम्सन तोंपर्यंत आजारपणानें व अहवालाच्या खर्चावरून सरकारी खजिन्याशीं चाललेल्या घासाघिशीनें पार थकला होता. १८८२ सालीं तो वारला. पन्नास खंडांचें तें काम जॉन मरेनें १८९५ पर्यंत पुरें केलें.

हेकेलच्या टेबलावर आला तो प्राणी कसा होता? व्यास वीतभरही नाहीं. मधोमध एक जाड, चपटी, पारदर्शक चकती; तिच्याभोंवतीं मुगुटाच्या कांठासारखी खोल खांच; खांचेच्या बाहेर पाकळ्यांची झालर. या खांचेमुळेंच ॲटोला व तिचे सोयरे यांना किरीटधारी छत्रिक म्हणतात. चकतीखालीं पोट, गडद तांबड्या रंगाचें, जवळजवळ काळें. झालरींतून निघणारे तंतू, ज्यांना प्राणिशास्त्रांत संस्पर्शक म्हणतात, साधारण बावीस असतात. छत्रिकांची घडण बहुधा चाराच्या पटींत असते. येथें हा हिशेब जुळत नाहीं, आणि एका नमुन्यांतील संख्या दुसऱ्यांत तंतोतंत सांपडतेच असें नाहीं. रेखीव समतोलाच्या भक्ताला, आणि हेकेल तसा होताच, अशा प्राण्यानें थोडें चिडविलें असावें.

परंतु खरा प्रश्न निराळाच होता. हा प्राणी कोणत्या खोलीवरचा? चॅलेंजरचें जाळें तोंड उघडें ठेवूनच खालीं जाई व तसेंच वर येई. दोन हजार वांवांवरून वर येतांना मध्यें कोठेंही त्यांत कांहींही शिरूं शकत होतें. तारेवर वाढलेल्या पोवळ्यांसारखी साक्ष छत्रिक देऊं शकत नाहीं. तो कशालाच चिकटलेला नसतो. हेकेलनें स्वतःच ही शंका मान्य केली होती. खोल समुद्राचा तळ निर्जीव नाहीं हें आतां ठरलें होतें. पण पृष्ठभाग व तळ यांच्या मधलें तें अफाट पाणी? १८८० च्या सुमारास अमेरिकेचा अलेक्झांडर ॲगॅसिझ यानें तें ओसाड आहे असें जाहीर केलें. हा गृहस्थ तांब्याच्या खाणींत अपार पैसा मिळवून तो समुद्रशोधनांत घालणारा, व प्रयोगांत काटेकोर होता. त्याच्या शब्दाला वजन होतें. म्हणजे फोर्ब्सचा निर्जीव प्रदेश तळावरून उठून मधल्या पाण्यांत येऊन बसला. ॲटोला त्याच पाण्याची रहिवासी असल्यानें तिच्या अस्तित्वाचीच जागा वादांत पडली.

वाद मिटला तो एका साध्या युक्तीनें. नेपल्स येथील पीटरसन नांवाच्या यंत्रज्ञानें असें जाळें तयार केलें कीं, जें मिटलेल्या तोंडानें खालीं जावें, ठराविक खोलीवर उघडावें व वर येण्यापूर्वीं पुन्हां मिटावें. १८८६ सालीं कार्ल खून यानें तें भूमध्य समुद्रांत सुमारें १,४०० मीटरांपर्यंत वापरलें आणि तें दरवेळीं प्राण्यांनीं भरून वर आलें. पुढें याच खूननें ‘वाल्डिव्हिया’ या जहाजावरून १८९८-९९ सालीं जर्मनीची खोल समुद्राची मोहीम नेली. अटलांटिक, दक्षिण महासागर व हिंदी महासागर असा तिचा मार्ग होता. तिच्यांतील छत्रिकांचें वर्णन अर्न्स्ट व्हानहोफेननें १९०२ सालीं केलें, व त्यांत ॲटोलेची एक नवी जाति मोहिमेच्या नायकाला अर्पण केली : ॲटोला खुनी. मराठी कानाला हें नांव भयंकर लागतें, पण त्यांत खून झाला असेल तर तो ॲगॅसिझच्या सिद्धांताचा! खुद्द व्हानहोफेनचें नांव प्लिमथच्या फ्रेडरिक रसेलनें १९५७ सालीं आणखी एका जातीला दिलें. असा हा वंश म्हणजे आपल्या शोधकांची वंशावळच होऊन बसला आहे.

येथवर ॲटोला कोणीं जिवंत, तिच्या घरीं पाहिलेली नव्हती. तिच्या देहांत शेंकडा पंचाण्णव भागांहून अधिक पाणी. जाळ्यांत ती फाटे, लांबट अवयव तुटत, आणि मद्यार्कांत उरे ती आक्रसलेली चकती. जाळ्यानें नदी उपसून मासा कसा पोहतो हें सांगण्यासारखी ती विद्या होती. माणूस स्वतः खालीं गेला तो १९३४ च्या ऑगस्टांत. विल्यम बीब व ऑटिस बार्टन हे बर्म्यूडाजवळ पोलादी गोळ्यांत बसून ३,०२८ फुटांपर्यंत उतरले. बीब टेलिफोनवरून वर सांगत होता तें प्रामुख्यानें दिव्यांविषयीं : ठिणग्या, झगमगणाऱ्या रेषा, अचानक फुटणारे प्रकाशाचे लोट. सूर्याचा उजेड पहिल्या दोनशें मीटरांतच बहुतेक संपतो. हजार मीटरांखालीं तो उरतच नाहीं. तेथून पुढें जो प्रकाश आहे तो प्राण्यांनीं स्वतः पाडलेला.

या दोन गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे ॲटोलेच्या तांबड्या पोटाचा उलगडा होतो. समुद्राचें पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधीं गिळतें व निळा सर्वांत दूर जाऊं देतें. म्हणून खोल पाण्यांतील प्राण्यांचे दिवे बहुधा निळे, आणि तेथील डोळेही निळ्यालाच जागे. अशा जगांत तांबडी वस्तु काळी दिसते. ॲटोला ज्या लहान जीवांना गिळते त्यांपैकीं कित्येक स्वतः चमकणारे असतात. पारदर्शक शरीरांत असा दिवा पेटत राहिला तर जेवणारा स्वतःच दुसऱ्याचें जेवण व्हावयाचा. म्हणून पोटाला हा गडद पडदा. सुमारें ५०० ते ४,५०० मीटर खोलीवर, जगाच्या बहुतेक महासागरांत पसरलेल्या या प्राण्याचा रंग वर आणून पाहिला तर भडक वाटतो. खालीं तो लपण्याचा रंग आहे.

मग तीच ॲटोला स्वतः दिवे कां लावते? कारण ती लावते, आणि तेही असे कीं पाहणारा थक्क व्हावा. तिला धक्का लागला कीं झालरीवरून निळ्या प्रकाशाच्या लाटा चक्राकार धांवतात. जत्रेंतल्या भुईचक्राप्रमाणें प्रकाश गोल फिरतो व थांबतो. लपण्याचा एवढा खटाटोप करणाऱ्यानें संकटाच्या वेळीं दिवाळी करावी, हा विरोध वाटतो. त्याचें एक उत्तर मार्टिन बर्कनरोड यानें १९४३ सालींच सुचविलें होतें. चोर घरांत शिरला असतां घरधनी त्याच्याशीं झुंजूं शकत नसेल तर तो आरडाओरड करून गांव जागा करतो. त्याचप्रमाणें दुबळा प्राणी उजेड पाडून आपल्या मारेकऱ्याला उघडा पाडतो. तो उजेड पाहून त्या मारेकऱ्याहून मोठा शिकारी धांवून आला, तर दुबळा सुटतो. कल्पना चतुर होती, पण अंधारांत घडणाऱ्या गोष्टीची परीक्षा कशी घ्यावयाची?

ती घेतली एडिथ विडर या अमेरिकन विदुषीनें. विद्यार्थिदशेंत पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेनंतर कांहीं काळ तिची दृष्टि गेली होती. प्रकाशाविषयींची तिची ओढ तेव्हांपासूनची असें ती सांगते. १९८४ सालीं सांता बार्बरा सामुद्रधुनींत चिलखतासारखा पोषाख चढवून ती ८८० फूट खालीं गेली व तिनें आपले दिवे मालवले. भोंवतीं जें दिसलें त्यानें तिच्या आयुष्याचा मार्ग ठरला. तोंवर समुद्रतळाशीं नेलेले कॅमेरे प्रखर पांढरे दिवे पाजळीत जात. म्हणजे वाघाच्या अभ्यासाला ढोल वाजवीत रानांत शिरण्यासारखें होतें. विडरनें खालच्या प्राण्यांना न दिसणारा गडद तांबडा दिवा वापरला आणि कॅमेऱ्यापुढें टांगली एक खोटी ॲटोला : निळ्या विजेच्या दिव्यांचें कडें, जें खऱ्या ॲटोलेच्या लाटांसारखें फिरे. २००४ सालीं मेक्सिकोच्या आखातांत हें दीपचक्र प्रथम पेटविलें, आणि अवघ्या शाऐशीं सेकंदांत कॅमेऱ्यासमोर सहा फुटांहून लांब असा एक माकूळ झेपावला. तो ज्ञात कुळांपैकीं कोणत्याच कुळांत बसेना.

२०१२ सालीं तीच खोटी ॲटोला जपानच्या ओगासावारा बेटांजवळ नेण्यांत आली. बरोबर होते त्सुनेमी कुबोदेरा, ज्यांनीं राक्षसी माकुळाचीं समुद्रांतील पहिलीं छायाचित्रें २००४ सालीं मिळविलीं होतीं. आर्किट्यूथिस हा तो प्राणी. खलाशांच्या कथांत शतकानुशतकें जहाजें बुडविणारा, मेलेला किनाऱ्यावर लागणारा, पण आपल्या खोल घरांत चलच्चित्रांत कधींच न टिपलेला. विडरच्या तांबड्या दिव्याच्या कॅमेऱ्यानें तो टिपला; नंतर कुबोदेरांनीं पाणबुडींतून त्याला समोरासमोर पाहिलें. २०१९ सालीं मेक्सिकोच्या आखातांत ७५९ मीटरांवर हाच प्रकार पुन्हां घडला. चित्रफीत पाहून शास्त्रज्ञ नाचत होते तोंच जहाजावर वीज कोसळली. सुदैवानें फीत वांचली. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, माकूळ त्या दिव्याला खाण्यासाठीं आला नव्हता. वीतभर पाण्याच्या गोळ्यांत त्याला काय मिळणार? तो शोधीत होता त्या दिव्याच्या शेजारीं असावयास हवा असलेला चोर.

ॲटोलेचा एक संस्पर्शक इतरांहून कितीतरी लांब असतो, हेंही जाळ्याच्या काळांत नीट समजणें कठीण होतें. पाणबुड्या यंत्रांतून पाहतांना तो मागें सोडलेल्या गळासारखा तरंगतांना दिसला. १९९८ सालीं जेम्स हंट व ड्यूगल लिंडसे यांनीं नॅनोमिया या साखळीवजा, लांबच लांब प्राण्याला त्या तंतूनें ॲटोला कशी धरते याचें वर्णन केलें. पुढें मॉन्टेरे उपसागरांत २००६ सालीं अशी एक ॲटोला दिसली कीं, जिला हा लांब तंतु नव्हताच. पंधरा वर्षें नमुने जमवून २०२२ सालीं तिला स्वतंत्र जाति ठरविण्यांत आलें, आणि येथें मात्र नांव देण्याची परंपरा थोडी बदलली. तें मिळालें मोहिमेच्या नायकाला नव्हे, तर तेथील मत्स्यालयांत विनावेतन काम करणाऱ्या पहिल्या स्वयंसेवकाला. ॲटोलेचें बाल्य अजून झांकलेलेंच आहे. बहुतेक छत्रिक आधीं तळाला चिकटलेल्या फुलासारखे वाढतात. ॲटोलेची ती अवस्था कोणाला सांपडलेली नाहीं. तिच्या पेरिफिला नांवाच्या सोयऱ्यानें तर ही पायरी अजिबात गाळली असून अंड्यांतून थेट छत्रिकच निपजतो.

आतां ते काळे गोटे. चॅलेंजरनें १८७३ सालीं वर आणलेल्या त्या मँगॅनीजच्या गोट्यांत निकेल, तांबें व कोबाल्टही असतें, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्यावर राष्ट्रांची दृष्टि वळली. भारताच्या ‘गवेषणी’ जहाजानें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीनें अरबी समुद्रांतून आपला पहिला गोटा उचलला तो १९८१ च्या जानेवारींत. २००२ सालीं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशीं करार होऊन मध्य हिंदी महासागरांतील ७५,००० चौरस किलोमीटरांचें क्षेत्र भारताकडे संशोधनासाठीं आलें. गोटे वर ओढले कीं त्यांच्याबरोबर गाळ येणार, आणि गोटे वेंचून घेतल्यावर उरलेलें गढूळ पाणी पुन्हां समुद्रांत सोडावें लागणार. तें कोणत्या खोलीवर सोडावें हा प्रश्न आहे. पृष्ठभागाजवळ सोडलें तर मासेमारीला धोका. म्हणून मधल्या पाण्यांत सोडावें, अशी एक सूचना पुढें आली. मधलें पाणी म्हणजे ॲगॅसिझनें ओसाड ठरविलेला तोच प्रदेश.

तेथें स्वच्छ पाण्याची संवय झालेले प्राणी राहतात. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत नॉर्वेच्या फ्योर्डांतून पकडलेल्या पेरिफिला छत्रिकांना जहाजावरील टाक्यांत ठेवून पाण्यांत थोडा थोडा गाळ मिसळण्यांत आला. गाळ त्यांच्या अंगावर बसूं लागला. त्यांनीं तो झटकण्यासाठीं अंगांतून बुळबुळीत स्राव सोडला, आणखी गाळ आला तसा आणखी सोडला. त्यांचा श्वासोच्छ्वास वाढला, व जखम भरून काढतांना जीं द्रव्यें कामाला लागतात त्यांची हालचाल त्यांच्या देहांत सुरू झाली. जेथें अन्न दिवसेंदिवस मिळत नाहीं तेथें हा खर्च मोठा आहे.